किंमत एकाला, माल दुसऱ्याकडे: उत्तर मॅसेडोनिया आणि युरोपीय महासंघ

१९९३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका नव्या सदस्याला बसवायचे कुठे, असा पेच पडला. आमसभेत देश इंग्रजी वर्णानुक्रमाने बसतात. 'मॅसेडोनिया' म्हणून 'एम'खाली बसवायला ग्रीसचा विरोध. 'फॉर्मर' या शब्दाच्या 'एफ'खाली बसायला त्या देशाची तयारी नाही. आपली पहिली ओळखच 'माजी' अशी कोणाला करून द्यावीशी वाटेल? शेवटी 'द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसेडोनिया' या लांबलचक तात्पुरत्या नावातले 'द' हे उपपद कामाला आले. त्याच्या 'टी'खाली हा देश थायलंडच्या शेजारी जाऊन बसला. झेंडा मात्र लावता आला नाही. त्यावरच्या सोळा किरणांच्या सूर्यालाही ग्रीसची हरकत होती.

ही गंमत म्हणून सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण पुढच्या तीस वर्षांचे सगळे राजकारण तिच्यात बीजरूपाने आहे. या देशाने काय करावे हा प्रश्न क्वचितच अडचणीचा ठरला. तो कोण आहे, यावर शेजारी अडून बसले. आणि शेजारी एखाद्या मोठ्या क्लबचे सभासद असतील, तर त्या अडून बसण्याला कायद्याचे बळ मिळते.

देश आणि क्लब

उत्तर मॅसेडोनियाचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्शाइतके. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांच्या आसपास भरली. त्यात साधारण चौथा हिस्सा अल्बेनियन. देशाला समुद्र नाही. माल येतो-जातो तो मुख्यतः ग्रीसच्या थेस्सालोनिकी बंदरातून. राजधानी स्कोप्ये. मदर तेरेसांचा जन्म याच गावचा, १९१० मधला, तेव्हा तिथे उस्मानी सुलतानाचे राज्य होते.

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा हे एकच गणराज्य गोळी न झाडता बाहेर पडले. युरोपीय महासंघाशी 'स्थैर्य आणि सहयोग करार' करणारा पश्चिम बाल्कनमधला पहिला देशही हाच: ९ एप्रिल २००१. क्रोएशियाने तो करार सहा महिन्यांनी केला. त्याच वर्षी अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात चकमकी झाल्या, पण ऑगस्टमधल्या ओह्रिद कराराने त्या आवरल्या आणि अल्बेनियन भाषेला व प्रतिनिधित्वाला घटनेत जागा मिळाली. बाल्कनच्या मानाने ही कामगिरी असामान्य म्हणायला हवी.

२६ फेब्रुवारी २००४ ला पंतप्रधान ब्रान्को त्सरव्हेन्कोव्स्की सदस्यत्वाचा अर्ज घेऊन डब्लिनमध्ये होते, कारण महासंघाचे फिरते अध्यक्षपद तेव्हा आयर्लंडकडे होते. त्याच सकाळी राष्ट्राध्यक्ष बोरिस त्राय्कोव्स्की यांचे विमान बोस्नियात कोसळले आणि ते गेले. समारंभ रद्द झाला. अर्ज दिला गेला तो २२ मार्चला. डिसेंबर २००५ मध्ये 'उमेदवार देश' हा दर्जा मिळाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये युरोपीय आयोगाने वाटाघाटी सुरू करण्याची शिफारस केली.

इथे घोडे अडले. आयोग शिफारस करतो. निर्णय सदस्य देशांचा, आणि तोही एकमताने. अर्ज स्वीकारायला एकमत, वाटाघाटीची चौकट ठरवायला एकमत, प्रत्येक प्रकरण उघडायला आणि मिटवायलाही एकमत. प्रकरण म्हणजे वाटाघाटीचा एकेक विषय, आणि अशी पस्तीस प्रकरणे असतात. २०२० पासून ती सहा गटांत बांधली आहेत. यातल्या कुठल्याही पायरीवर कोणताही एक देश 'नाही' म्हणू शकतो, आणि ते 'नाही' न्यायालये, मत्स्यव्यवसाय किंवा अन्नसुरक्षा यांच्याबद्दलच असले पाहिजे असा नियम नाही. पिरानच्या आखातातल्या सागरी हद्दीवरून स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या वाटाघाटी रोखल्या होत्या, तो धडा सगळ्यांसमोर होता. पण तिथे वाद पाण्याचा होता. पाणी लवादाकडे नेता येते.

नाव

ग्रीसची बाजू मराठीत सहसा नीट मांडली जात नाही, म्हणून थोडे थांबतो. मॅसेडोनिया हे ग्रीसच्या उत्तर भागाचेही नाव आहे. थेस्सालोनिकी हे त्याच मॅसेडोनियाचे मुख्य शहर. आपण ज्याला सिकंदर म्हणतो तो अलेक्झांडर ग्रीकांच्या लेखी ग्रीक. त्याच्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी बाल्कनात उतरलेल्या स्लाव्ह लोकांच्या वंशजांनी ते नाव घ्यावे, सूर्याचे चिन्ह झेंड्यावर लावावे, याला अथेन्स चोरी म्हणत होते. शिवाय भीती होती ती जमिनीची: आज नाव, उद्या प्रांत. १९४० च्या दशकातल्या ग्रीक यादवीची आठवण असलेल्या पिढीला ही भीती पोकळ वाटत नव्हती.

स्कोप्येची बाजू साधी होती. आम्ही स्वतःला मॅसेडोनियन म्हणतो, आमच्या भाषेला मॅसेडोनियन म्हणतो, दुसरा शब्दच आमच्याकडे नाही.

फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी लादली. दीड वर्षाने, १३ सप्टेंबर १९९५ ला, न्यूयॉर्कमध्ये अंतरिम करार झाला: स्कोप्येने झेंडा बदलायचा, आणि तात्पुरत्या नावाने अर्ज केल्यास ग्रीसने आंतरराष्ट्रीय संघटनांतला प्रवेश अडवायचा नाही. तरी २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत ग्रीसने नाटोचे आमंत्रण अडवलेच. क्रोएशिया आणि अल्बेनियाला ते मिळाले. स्कोप्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. डिसेंबर २०११ मध्ये १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला की ग्रीसने करार मोडला. निकाल हातात आला आणि हातातच राहिला. नाटोचे निमंत्रण काही हेगहून येत नाही.

या अडवणुकीचा घरात काय परिणाम झाला, तो या प्रकरणाचा सर्वांत बोधक भाग आहे. २००६ पासून सत्तेवर असलेल्या निकोला ग्रुएव्स्की यांनी बंद दाराकडे पाहत बसण्यापेक्षा भूतकाळाकडे मोर्चा वळवला. विमानतळाला अलेक्झांडरचे नाव, महामार्गालाही तेच. 'स्कोप्ये २०१४' नावाच्या प्रकल्पात शहराच्या मध्यभागी खांब, कारंजी आणि पुतळ्यांची रांग उभी राहिली. मुख्य चौकातल्या अवाढव्य अश्वारूढ पुतळ्याचे अधिकृत नाव 'घोड्यावरचा योद्धा'. तो कोण हे शाळकरी पोरालाही कळत होते, कागदावर मात्र तो अनामिक. अडवणुकीने अथेन्सला जे नको होते तेच तिने पिकवले. आणि युरोपचे आमिष दूर गेल्यावर घरातल्या सत्ताधाऱ्यांना धाक उरला नाही. २०१५ मध्ये विरोधी पक्षनेते झोरान झाएव यांनी चोरून ऐकलेल्या दूरध्वनींच्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. सुमारे वीस हजार लोकांवर पाळत होती असे त्यांचे म्हणणे. २७ एप्रिल २०१७ ला जमाव संसदेत घुसला, झाएव यांचे डोके फुटले. मे अखेरीस तेच पंतप्रधान झाले. ग्रुएव्स्की यांना पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्याऐवजी ते नोव्हेंबर २०१८ मध्ये हंगेरीत पळाले. हंगेरीने, म्हणजे महासंघाच्याच एका सदस्याने, त्यांना आश्रय दिला.

प्रेस्पाची बांधणी

झाएव सरकारने काही महिन्यांत विमानतळाचे आणि महामार्गाचे नाव काढून टाकले. महामार्ग 'मैत्री' झाला. अथेन्समध्ये अलेक्सिस त्सिप्रास यांचे डावे सरकार होते. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ मॅथ्यू निमेट्झ १९९० च्या दशकापासून या एका शब्दाच्या मागे होते. १७ जून २०१८ ला प्रेस्पा सरोवराकाठच्या प्साराधेस या ग्रीक खेड्यात स्कोप्येचे परराष्ट्रमंत्री निकोला दिमित्रोव आणि ग्रीसचे निकोस कोत्झियास यांनी सह्या केल्या. मग मंडळी होडीतून पलीकडच्या काठावर जेवायला गेली.

वीस कलमांचा हा करार मुत्सद्देगिरीच्या विद्यार्थ्याने ओळ न ओळ वाचावा असा आहे. देशाचे नाव 'उत्तर मॅसेडोनिया', आणि ते फक्त परदेशी पत्रव्यवहारापुरते नाही तर सर्वांशी, सर्वत्र, स्वतःच्या घटनेतसुद्धा. बदल्यात भाषा 'मॅसेडोनियन' आणि नागरिकत्व 'मॅसेडोनियन/उत्तर मॅसेडोनियाचे नागरिक'. सातवे कलम मला सगळ्यांत हुशार वाटते. त्यात दोन्ही पक्ष मान्य करतात की 'मॅसेडोनिया' या शब्दाने दोघे वेगवेगळ्या इतिहासाकडे आणि वारशाकडे बोट दाखवतात. प्राचीन ग्रीक संस्कृतीशी स्लाव्ह भाषेचा संबंध नाही. खरा मॅसेडोनियन कोण, याचा निवाडा करार करतच नाही. एका शब्दाचे दोन मालक मान्य करून तो मोकळा होतो.

दुसरी हुशारी पायऱ्यांची. प्रत्येक पाऊल समोरच्याच्या पावलाला बांधलेले. स्कोप्येने करार मंजूर करायचा, घटना बदलायची. मग ग्रीक संसदेने करार आणि नाटो प्रवेशाचा मसुदा मंजूर करायचा. तेव्हाच नाव लागू. कागदपत्रांसाठीही दोन मुदती: परदेशात वापरायच्या कागदांना पाच वर्षे, तर देशांतर्गत कागद महासंघाचे त्या त्या विषयाचे प्रकरण उघडेल तेव्हापासून बदलायचे. ही शेवटची तरतूद लक्षात ठेवा.

घरी दोघांनाही चांगलीच झळ बसली. थेस्सालोनिकी आणि अथेन्समध्ये प्रचंड मोर्चे निघाले. कोत्झियास यांनी ऑक्टोबरात राजीनामा दिला, संरक्षणमंत्री कामेनोस जानेवारीत सरकार सोडून गेले, आणि २५ जानेवारी २०१९ ला ग्रीक संसदेत करार १५३ विरुद्ध १४६ असा निसटता पार पडला. सहा महिन्यांत त्सिप्रास निवडणूक हरले.

स्कोप्येत ३० सप्टेंबर २०१८ ला सार्वमत झाले. प्रश्नात नवे नाव नव्हतेच. ग्रीसबरोबरचा करार स्वीकारून युरोपीय महासंघ आणि नाटोचे सदस्य व्हायला तुमची संमती आहे का, असे विचारले होते. नव्वद टक्क्यांहून अधिक मते 'हो'. पण मतदान ३७ टक्क्यांच्याही किंचित खाली राहिले, हवे होते पन्नास. बहिष्कार टाकणाऱ्यांत खुद्द राष्ट्राध्यक्ष इवानोव होते. सार्वमत सल्ल्यापुरते आहे, असे म्हणत सरकार संसदेकडे वळले. १२० पैकी ८० मते लागत होती. १९ ऑक्टोबरला नेमकी ८० पडली, त्यात विरोधी पक्षाचे आठ फुटीर. त्यांतल्या काहींवर संसदेवरच्या हल्ल्याचा खटला होता आणि डिसेंबरात माफीचा कायदा झाला. ११ जानेवारी २०१९ ला घटनादुरुस्ती ८१ मतांनी मंजूर झाली. हा व्यवहार कोणाला रुचो न रुचो, पुढे तो महागात पडला: 'नाव आम्हाला विचारून बदलले नाही' ही भावना तेव्हा रुजली, आणि तिला आकडेवारीचा आधार होता.

१२ फेब्रुवारी २०१९ पासून देश उत्तर मॅसेडोनिया. २७ मार्च २०२० ला तो नाटोचा तिसावा सदस्य झाला. म्हणजे तेल मिळाले, तूप राहिले.

ऑक्टोबर २०१९

तूप का राहिले? नाटोत अडसर एकट्या ग्रीसचा होता. ग्रीसशी करार झाला, अडसर गेला, प्रवेश झाला. महासंघातही अडसर ग्रीसचाच दिसत होता, म्हणून सगळ्यांनी धरून चालले की तिथेही तेच होईल. प्रेस्पाच्या करारावर ग्रीसची सही होती. बाकीच्या सदस्यांपैकी एकाचीही नव्हती. त्यांच्या वतीने ब्रुसेल्सचे पाहुणे स्कोप्येत येऊन आश्वासने देत होते, सार्वमताच्या आधी तर रीघ लागली होती. पण पाहुण्याचे आश्वासन आणि सदस्य देशाचे मत या निराळ्या गोष्टी.

जून २०१९ मध्ये निर्णय पुढे ढकलला गेला. १७-१८ ऑक्टोबरच्या शिखर बैठकीत फ्रान्सच्या इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी नकार दिला. त्यांचा आक्षेप स्कोप्येवर कमी आणि विस्ताराच्या पद्धतीवर अधिक होता: आधी पद्धत सुधारा, मग नवे पाहुणे. आयोगाचे मावळते अध्यक्ष युंकर यांनी याला ऐतिहासिक चूक म्हटले. परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी मॅसेडोनियन आणि अल्बेनियन मित्रांना उद्देशून कबूल केले की तुम्ही तुमचा वाटा उचललात, आम्ही नाही. अशी कबुली ब्रुसेल्समध्ये विरळा. तिचा उपयोग मात्र शून्य. झाएव यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली.

स्कोप्येला दुसरे काही करता आले असते का? सत्तावीस-अठ्ठावीस देशांच्या सह्या आधी मागणे हास्यास्पद ठरले असते. पण घरगुती कागदांची अट जशी महासंघाच्या प्रकरणांना बांधली, तशी घटनेतल्या नावाची अंमलबजावणी वाटाघाटीच्या पहिल्या बैठकीला बांधता आली असती काय? ग्रीसने ते मानले नसते असे मला वाटते. कामेनोस असलेल्या सरकारला तर नाहीच. तेव्हा दिमित्रोव यांनी हुकमाचा एक्का नाटोवर खर्च केला. तो वाया गेला असे कोण म्हणेल, विशेषतः २०२२ नंतर? पण तो एकच होता.

ग्रीसने मात्र शब्द पाळला, हे नोंदवले पाहिजे. करारावर कडाडून टीका करणारे मित्सोताकिस जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांनी करार मोडला नाही.

दुसरा शेजारी

मार्च २०२० मध्ये नवी पद्धत ठरली, फ्रान्सने होकार दिला, सत्तावीस देशांनी वाटाघाटी सुरू करायला मान्यता दिली. १७ नोव्हेंबर २०२० ला वाटाघाटीची चौकट मंजूर व्हायची, तर बल्गेरियाने हात वर केला: आमची संमती नाही.

बल्गेरियाला 'मॅसेडोनिया' या नावाचे वावडे नव्हते. जानेवारी १९९२ मध्ये या देशाला सर्वांत आधी मान्यता बल्गेरियानेच दिली होती. देशाला दिली, वेगळ्या राष्ट्राला आणि भाषेला नाही. बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिच्या मते मॅसेडोनियन ही १९४४-४५ मध्ये टिटोच्या युगोस्लाव्हियात प्रमाणित केलेली बल्गेरियनची लेखी रूढी आहे आणि त्याआधीचे तिथले स्लाव्ह लोक बल्गेरियनच होते. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर गोव्यात कधी जेवणाचे ताट बाजूला सारून भांडलेल्या माणसाला हा वाद लगेच कळेल. आणि भाषाशास्त्र त्यात किती तोकडे पडते हेही. १९९९ मध्ये दोन्ही देशांनी एक देखणी पळवाट शोधली होती: करारांवर 'मॅसेडोनिया प्रजासत्ताकाच्या घटनेनुसार मॅसेडोनियन भाषेत आणि बल्गेरियाच्या घटनेनुसार बल्गेरियन भाषेत' असे लिहायचे. १ ऑगस्ट २०१७ च्या मैत्री करारातही तेच सूत्र, आणि सोबत इतिहासकारांचा संयुक्त आयोग.

हा आयोग म्हणजे झाएव सरकारची सर्वांत मोठी चूक, असे माझे मत आहे. हेतू वाईट नव्हता. पण प्रेस्पाने जो प्रश्न शिताफीने टाळला, नेमका तोच, म्हणजे भूतकाळ कोणाचा, इथे टेबलावर ठेवला गेला, आणि टेबलाच्या एका बाजूला बसलेल्याच्या हातात नकाराधिकार होता. मध्ययुगापुरते जमले: सिरिल व मेथोडियस, ओह्रिदचा क्लेमेंट, झार सॅम्युएल यांचे स्मरण एकत्र करावे इथवर आयोग आला. गोत्से देल्चेव यांच्यावर येऊन गाडी रुतली. देल्चेव हे उस्मानी सत्तेविरुद्ध लढलेले क्रांतिकारक, १९०३ मध्ये मारले गेले. त्यांच्या अस्थी १९४६ मध्ये सोफियाहून स्कोप्येला आणून स्वेती स्पास चर्चच्या अंगणात ठेवल्या आहेत. दोन्ही राष्ट्रगाथांचे ते नायक. ते कोण होते यावर मध्यममार्ग कसा काढणार?

त्याहून नाजूक दुसरे महायुद्ध. १९४१ ते १९४४ या प्रदेशावर बल्गेरियाचा ताबा होता. मार्च १९४३ मध्ये स्कोप्येच्या 'मोनोपोल' तंबाखू गोदामात सात हजारांहून अधिक ज्यूंना कोंडून ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले. बल्गेरिया स्वतःच्या हद्दीतले सुमारे ४८ हजार ज्यू वाचवल्याचा अभिमान बाळगतो, आणि तो खोटा नाही. पण स्कोप्येच्या पाठ्यपुस्तकातून 'बल्गेरियन फॅसिस्ट ताबा' हा शब्दप्रयोग काढा, अशी मागणी झाली की गोदामातली माणसे आठवणारच.

जून २०२२ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षपदाखाली तोडगा निघाला. सोफियात पेत्कोव सरकार अविश्वास ठरावात पडले होते. तरी दोनच दिवसांनी, २४ जूनला, बल्गेरियन संसदेने सशर्त संमती दिली. शर्त: उत्तर मॅसेडोनियाच्या घटनेच्या प्रास्ताविकात अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांच्याबरोबर बल्गेरियनांचाही उल्लेख हवा. २०१७ च्या कराराची अंमलबजावणी वाटाघाटीच्या चौकटीत आली. भाषेवर महासंघाने 'मॅसेडोनियन' असा स्वच्छ शब्द वापरला. बल्गेरियाने आपले एकतर्फी निवेदन जोडले. स्कोप्येत रस्त्यावर दगडफेक झाली. १६ जुलैला संसदेने ६८ मतांनी प्रस्ताव स्वीकारला, विरोधक सभागृहाबाहेर गेले. १९ जुलैला ब्रुसेल्समध्ये पहिली आंतरसरकारी परिषद झाली. अर्जाला अठरा वर्षे उलटून गेली होती.

ऐंशी मते

कागदावर ही अट क्षुल्लक आहे. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे ३,५०४ भरले. प्रास्ताविकात एक शब्द. (बल्गेरियन पासपोर्ट घेऊन युरोपात कामाला गेलेले मॅसेडोनियन याहून कितीतरी अधिक आहेत, एक माजी पंतप्रधान, ल्युब्चो गेओर्गिएव्स्की, यांनीही ते नागरिकत्व घेतले. कागद आणि ओळख यांचे नाते बाल्कनात असे सैल आहे.) कोणत्याही समुदायाचे नाव घटनेत यायला तत्त्वतः हरकत का असावी? तत्त्व बाजूला ठेवून व्यवहार पाहिला तर प्रेस्पाशी फरक कळतो.

प्रेस्पात पायऱ्या दोन्हीकडून होत्या. २०२२ च्या तोडग्यात आधी चढायचे ते एकट्या स्कोप्येने, आणि चढल्यावर पुढचे दार उघडेल याची हमी कोणाचीच नाही. मैत्री कराराची अंमलबजावणी चौकटीतच असल्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदावरून उद्या पुन्हा नकाराधिकार येऊ शकतो. विरोधकांचा हा युक्तिवाद निव्वळ राष्ट्रवादी आरडाओरडा म्हणून झटकता येत नाही, कारण २०१९ आणि २०२० मध्ये नेमके तेच घडले होते. दुसरीकडे, हा युक्तिवाद त्यांना निवडणुकीत फारच सोयीचा होता, हेही खरे.

दिमितार कोवाचेव्स्की यांच्या सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये घटनादुरुस्ती संसदेत आणली. ऐंशी मते दिसत नव्हती. बैठक तहकूब करून वेळ मारून नेली. मे २०२४ च्या निवडणुकीत ग्रुएव्स्की यांचा जुना पक्ष, व्हीएमआरओ-डीपीएमएनई, १२० पैकी ५८ जागा घेऊन परतला. १२ मे रोजी नव्या राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी शपथ घेताना देशाचा उल्लेख नुसता 'मॅसेडोनिया' असा केला आणि ग्रीसच्या राजदूत सभागृहातून उठून गेल्या. पंतप्रधान ह्रिस्तियान मित्स्कोस्की यांची भूमिका: दुरुस्ती करू, पण ती लागू होईल सदस्यत्व मिळाल्यावर. म्हणजे आधी माल, मग पैसे. सोफियाने नाकारले, ब्रुसेल्सने सांगितले की २०२२ मध्ये ठरले ते ठरले.

मित्स्कोस्की यांच्या जागी कोणीही असता तरी फार वेगळे बोलला असता असे वाटत नाही. एकदा आगाऊ रक्कम भरून हात पोळलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा आगाऊ मागितली तर तो पावती मागणारच. अडचण एवढीच की पावती देण्याचा अधिकार ब्रुसेल्सच्या कोणत्याच खिडकीवर नाही.

दरम्यान अल्बेनिया. जुलै २०२२ मध्ये दोघांची परिषद एकाच दिवशी झाली होती, कारण २०२० पासून महासंघाने त्यांची जोडी बांधून ठेवली होती. स्कोप्ये अडले की तिराना आपोआप अडत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही गाठ सोडली गेली. १५ ऑक्टोबरला अल्बेनियाने पहिला गट उघडला आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत सहाही गट उघडून झाले. स्कोप्येने अल्बेनियाच्या पाच वर्षे आधी अर्ज केला होता.

आता प्रेस्पातल्या त्या दोन मुदती. परदेशात चालणाऱ्या कागदांची पाच वर्षे फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. जुन्या नावाचे पासपोर्ट रद्द झाले आणि नव्यासाठी कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या. घरगुती कागदांचे घड्याळ मात्र महासंघाचे पहिले प्रकरण उघडेल तेव्हाच चालू व्हायचे. ते अजून सुरू झालेले नाही.